आसरा देणाऱ्याचं वाक्य

दादा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, तरी लिहितो.

मी अजून त्याच टायपिंगच्या दुकानात आहे. लेखकसाहेबांच्या फरारी नायकाची अकरावी कादंबरी परवा टाइप करून संपवली. प्रत्येक पुस्तकात कुणीतरी त्याला घरात लपवतं आणि एका वाक्यात मरतं. नायक मागे वळूनही पाहत नाही. तुला नेमकं तेच आवडायचं. "वाघ आहे, वाघ!" म्हणायचास.

तू त्या माणसाला भोसकून घरी आलास, तेव्हा दार बाबांनी उघडलं. पोलीस आले, तसा तू मागच्या खिडकीतून पसार झालास. तुझा ठावठिकाणा सांगेनात म्हणून पोलिसांनी बाबांचे दोन्ही हात मोडले. आता त्यांना चहा मी पाजतो.

"कुठं लपला असेल रे?" फौजदारांनी मला विचारलं. मी सातवी कादंबरी काढली आणि नायक लपतो त्या बर्फाच्या बंद कारखान्याचं पान उघडून दिलं. "मी असतो तर इथंच लपलो असतो," असं तू शंभरदा म्हणाला होतास. आपल्या गावाबाहेरच्या तशाच कारखान्यात तू सापडलास. "थांब" म्हटल्यावर मागे न बघता पळालास. गोळी पाठीत लागली.

बाबांना यातलं काही ठाऊक नाही.

"सुटला ना रे माझा वाघ?"

"सुटला, बाबा."

मग मी त्यांना नवी कादंबरी वाचून दाखवतो. टाइप करताना मी साधा स्वल्पविरामही गाळत नाही. बाबांसमोर मात्र आसरा देणाऱ्याचं ते एक वाक्य गाळतो.

तुझाच,
धाकटा