बारा किलो, चाळीस किलोमीटर

तीर्थरूप ताई हिला धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकता येतं, गुडघे अजून शाबूत आहेत, हे आधीच सांगून ठेवतो).

तुझी तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. रक्तदाब कसा आहे? माझा विचारू नकोस. भाऊजींचा खोकला गेला का? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तीस वर्षं हॉस्पिटलात हेडनर्स होतीस, त्याचा हा परिणाम. समोरच्याने तोंड उघडायचं ते फक्त थर्मामीटरसाठी, अशी तुझी समजूत झाली आहे. पत्रात मधेच तोडता येत नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तुझा निरोप पोचला. सॅक उतरवून ठेव आणि सत्तावन्नाव्या वर्षी शहाण्यासारखा घरी बस, असं तू माझ्या बायकोजवळ बोललीस आणि तिने ते हुबेहूब तुझ्या आवाजात मला ऐकवलं (एवढं एकच काम ती मन लावून करते). तर माझंही उत्तर ऐक. सॅक उतरणार नाही. येत्या अठ्ठावीस तारखेला पाठीवर बारा किलो घेऊन मी चाळीस किलोमीटर चालणार आहे, दहा तासांच्या आत. निघताना सगळ्यांच्या सॅकचं वजन होतं, बाराला एक ग्रॅम कमी भरलं तर माणूस बाद. पोचल्यावर काय मिळतं, हे तू विचारणारच. काही मिळत नाही. वहीत नाव लिहितात.

हे खूळ कुठून आलं तेही सांगतो, कारण बायकोने तुला ते सांगितलेलं नसणार. तुला माहीतच आहे, एकतीस वर्षं मी पार्सलच्या खिडकीवर वजनं केली. पार्सल हातात घ्यायचं, तोंडाने आकडा सांगायचा आणि मग काट्यावर ठेवायचं. पन्नास ग्रॅमच्या वर कधी चुकलो नाही. लोक मुद्दाम थांबून बघायचे. ऑफिसात मला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे ‘काटा’ म्हणतात. मग दीड वर्षापूर्वी तो सरकता पट्टा आला. पार्सल पट्ट्यावर ठेवलं की वजन आपोआप, चिठ्ठी आपोआप. आमचे साहेब (माझ्या मुलीपेक्षा लहान, स्वभावाने चांगले, तोच तर त्रास) मला म्हणाले, काका, तुम्ही आयुष्यभर खूप उचललंत, आता आरामात बसा. आणि मला चाकांची खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून मी चिठ्ठ्या नीट चिकटल्यात का ते बघतो. त्या चिकटलेल्याच असतात. बसमध्ये चढलो की कोणीतरी उठून बसा म्हणतं. डॉक्टर बसा म्हणतो, घरी बायको जरा बसा म्हणते. अशात ऑफिसच्या फळ्यावर चालणाऱ्यांच्या मंडळाचा कागद लागला आणि त्यात पहिलंच वाक्य होतं की वाटेत बसणाऱ्याला बाद धरण्यात येईल. मी तिथल्या तिथे नाव दिलं.

आता सराव. रोज सकाळी साडेपाचला सॅक पाठीवर टाकून मी चार मजले उतरतो. तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बायकोला जिन्यात गाठलं, हात हातात घेतला आणि धीर धरायला सांगितलं. त्यांनी मला भरल्या सॅकसह अंधारात निघून जाताना पाहिलं होतं. दुपारपर्यंत मी घर सोडल्याची बातमी बिल्डिंगभर आणि संध्याकाळी मेहुण्यापर्यंत गेली. मेहुण्याने फोन केला तो मीच उचलला, तर मलाच विचारतो, ते कुठे गेले काही कळलं का? बायको सगळ्यांना एकच सांगत होती, की घर सोडून गेलेला माणूस साडेसातला चहा मागायला परत येत नाही, आपलं तेवढं नशीब कुठलं. खरा प्रकार कळल्यावर बिल्डिंगने मला हमालच करून टाकलं. नाहीतरी तुम्ही जाताच आहात, असं म्हणून कोणी दुरुस्तीची इस्त्री, कोणी वाचनालयाची पुस्तकं माझ्या हातात ठेवायला लागलं. मी एकाला नाही म्हटलं नाही. ताई, दीड वर्षाने कोणीतरी मला काहीतरी उचलायला देत होतं.

बुटांचं विचारू नकोस. जावयाचे आहेत, एक नंबर मोठे. दोन मोजे घालतो. फोड आला होता, त्यावर मी काय केलं ते लिहीत नाही, कारण तुझ्यातली नर्स तिथेच पत्र टाकून गाडी पकडेल.

आता जे सांगतो ते तुला दुसरीकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून सांगतो. सॅक मी हाताने भरली होती. एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची वजनं केली, त्याने स्वतःची सॅक काट्यावर ठेवायची म्हणजे आचाऱ्याने शेजारणीला मीठ विचारण्यातला प्रकार. खलबत्ता तीन किलो, मोडकी इस्त्री दोन, टेलिफोनची जुनी डिरेक्टरी दोन, बिल्डिंगमागचा गुळगुळीत दगड चार, पाण्याची बाटली एक. झाले बारा. तीन महिने मी हे बारा किलो वाहिले आणि भेटेल त्याला ते ऐकवले.

गेल्या रविवारी मंडळाची पंचवीस किलोमीटरची चाचणी होती. बायको गंमत बघायला आली होती. मंडळ चालवणारे मास्तर शाळेत कवायत शिकवायचे, अजूनही शिट्टी गळ्यातच असते. त्यांनी माझी सॅक उचलली, काट्यावर ठेवली आणि काटा साडेआठावर थांबला.

मी म्हटलं, काटा बिघडलाय. मास्तरांनी त्यावर सरकारी शिक्क्याचं पाच किलोचं वजन ठेवलं. बरोबर पाच. मग म्हणालो, काटा उतारावर ठेवलाय, मग सकाळच्या गारव्याने स्प्रिंग आखडते म्हणालो. ताई, एकतीस वर्षं खिडकीपलीकडचे लोक माझ्याशी याच वाक्यांनी भांडले आणि मी प्रत्येकाला हसून वाटेला लावलं. शेवटी मला बायकोचा संशय आला. माझ्या काळजीपोटी हिनेच गुपचूप काहीतरी काढलं, असं मी चारचौघांत बोलून गेलो. ती शांतपणे म्हणाली, “मला काढायचंच असतं, तर अख्खी सॅक काढली असती.” मग तिनेच सॅक उघडून एकेक वस्तू काट्यावर ठेवली. सगळं जागेवर होतं. चार किलोचा दगड पावणेतीन भरला. तीन किलोचा खलबत्ता दोन. एकही वस्तू माझ्या आकड्याला उतरली नाही, एक पाण्याची बाटली सोडली तर (तिच्यावर आकडा छापलेला असतो).

म्हणजे कोणी काही काढलेलं नव्हतं. माझ्या हाताला साडेआठ किलो बारासारखे लागत होते, इतकंच. मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाकलो आणि ताई, तुझ्यापाशी लपवत नाही, मला रडू आलं. खुर्ची दिली तेव्हा आलं नव्हतं.

मास्तर समजूतदार माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, आज नुसती चाचणी आहे, आहे तेवढं घेऊन चाला, मी वहीत बारा लिहितो. तिथे मात्र माझं डोकं फिरलं. मैदानाच्या कडेला भिंतीचं काम चाललं होतं. मी तिथून एक वीट आणली, वर एक तुकडा आणला, काटा बारावर येईपर्यंत ठेवत गेलो आणि सॅक पाठीवर टाकून निघालो. पहिले आठ किलोमीटर रागातच गेले, ते सोपे होते. अकराव्याला विटेच्या कोपऱ्याला माझा मणका सापडला. सतराव्याला एका दुकानदाराने खुर्ची पुढे करून, काका, बसा जरा, असं म्हटलं. मी त्याच्याकडचं पाणी उभ्याने प्यायलो आणि त्याचा जो काही अपमान केला, त्याची माफी मागायला मला एकदा जायचं आहे. विसाव्यानंतरचं मला काही आठवत नाही. वेळ सहा तासांची होती. मला सात तास दहा मिनिटं लागली. मी पोचलो तेव्हा टेबलखुर्च्या गेल्या होत्या. मास्तर उलट्या बादलीवर बसले होते आणि बायको माझ्या चपला घेऊन उभी होती. मास्तरांनी वही उघडून नाव लिहिलं, वजन बारा लिहिलं, आणि पुढे वेळही खरीच लिहिली. बायकोने सॅक उतरवायला हात लावला आणि ती तिच्याच्याने पेलेना. दुसऱ्या दिवशी तिने घरात काटा आणला. आता रोज निघायच्या आधी तीच सॅक तोलते आणि पाव किलोसुद्धा कमी पडला तर दार उघडत नाही.

तेव्हा ताई, माझा हात गेला, हे मी मान्य करतो. पाय जायचे आहेत. ते जाईपर्यंत मी चालणार, आणि तू, डॉक्टर, साहेब आणि खालच्या काकू यांनी मिळून माझ्या दारात ठाण मांडलं तरी चालणार. परवानगी मागण्यासाठी हे पत्र नाही, कळवण्यासाठी आहे. मी काही आता लहान राहिलेलो नाही.

भाऊजींना नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझा हट्टी,
धाकटा

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर तुझी सही लागेल. मंडळाचा नियम असा, की अठराच्या आतल्यांनी आणि पंचावन्नच्या पुढच्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची लेखी परवानगी आणावी. कागद दोघांनाही एकच आहे, त्यामुळे ‘माझा पाल्य’ वगैरे छापलंय. हसू नकोस. बायकोची सही चालत नाही, ती माझ्यापेक्षा लहान. मी मास्तरांशी तासभर भांडलो. ते म्हणाले, कोणी तरी मोठं असेलच की. मी मोजून पाहिलं. गेल्या वर्षी आई गेल्यापासून माझ्यापेक्षा मोठं असं घरात तूच एक उरली आहेस.

आणखी ता. क. कागद वीस तारखेच्या आत पोचला नाही, तर माझं नाव कापलं जाईल. मग मी अठ्ठावीस तारखेला घरी बसेन, तू म्हणतेस तसा. खरंच बसेन.

शेवटचं. सहीच्या वर नात्याचा रकाना आहे. त्यात आई आणि वडील असे दोनच चौकोन आहेत, बहिणीला जागाच ठेवलेली नाही. तू दोन्हींत खूण कर. कोणी काही म्हणालं तर मी बघून घेईन.