ऐकणारा स्पीकर

दांडी, रविवार, १२ ऑक्टोबर १९८६

आलो बुवा एकदाचे! टेम्पोवाल्याने बोईसर स्टेशनापासून इथवर असे काही हादरे दिले की लोणच्याची बरणी फुटून तेल गोणपाटात गेलं, पण स्पीकर करायला घेतलेल्या माझ्या वूफरच्या खोक्याला ओरखडासुद्धा नाही. ते मी मांडीवर घेऊन बसलो होतो. मंजुळा म्हणाली, पोरीला गाठोड्यावर बसवलंत आणि भोंग्याला मांडीवर. हौसेला मोल नसतं, हे बायकोला कोण सांगणार?

जागा झकास आहे. जानू तामोरे यांच्या घरामागच्या दोन खोल्या, पुढे अंगण, पलीकडे वाळत घातलेले बोंबील आणि त्यापलीकडे समुद्र. मिरजेहून आलेल्या माणसाला वास जरा जास्तच. मंजुळाने नाकाला लावलेला पदर अजून खाली घेतलेला नाही. कारखाना बोईसरच्या एमआयडीसीत, एसटीने जायचं. उद्यापासून मेंटेनन्सला हजर.

पारूने आल्या आल्या घरमालकीण येसूबाईंना आमच्या सात पिढ्यांची माहिती पुरवली. चार वर्षांची पोर, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. येसूबाई म्हणाल्या, लय गोड बोलते, धाडा तिला आमच्याकडं. त्यांच्या घरात नुकतंच दुःख झालंय, जानूभाऊंची आई गेली. तरीही त्यांनी पोरीला चहात बुडवून बटर खाऊ घातलं. माणसं चांगली आहेत.

१९ ऑक्टोबर

स्पीकरचा डबा तयार! जाड प्लायवूड, सांध्यांना फेविकॉल आणि आतून पट्ट्या, पुढे आठ इंची वूफर, त्याच्यावर बारीक आवाजाचा छोटा ट्विटर, मागची फळी स्क्रूने बसवलेली. तांब्याच्या तारेची कॉइल मंजुळाच्या लाटण्यावर गुंडाळली. त्यामुळे पोळ्यांना उशीर झाला आणि मला भाषण ऐकावं लागलं. ऐकलं. बाजारच्या स्पीकरला खानावळीची चव असते, घरी केलेल्याची गोष्टच वेगळी.

पण लेकाचा घुमतो! रेडिओवरचा निवेदक विहिरीत पडून बोलल्यासारखा वाटतो. डब्यातला आवाज मागे आपटून परत येतो, तो शोषायला आत काहीतरी मऊ भरावं लागतं. जुनी गोधडी फाडून कोंबली, फरक शून्य. मंजुळा म्हणाली, आता माझ्या उशीकडे बघायचं नाही.

२३ ऑक्टोबर

कापूस मिळाला! सुरूच्या बनाच्या कडेला, स्मशानाच्या अलीकडे एक गादी टाकलेली होती. जानूभाऊंच्या आईचीच असणार. गेलेल्या माणसाचं अंथरूण असंच टाकून देतात. उसवून बघतो तर आत सावरीचा कापूस, इतका हलका की हातात धरल्याचं कळत नाही. कापूस तो कापूस, त्याला कसलं सुतक? उन्हात झटकला आणि भरला. मंजुळाला मात्र कारखान्यातल्या एकाने दिला असं सांगितलं.

आणि काय आवाज लागला! बातम्या देणारी बाई आमच्या खोलीत येऊन बसली. जानूभाऊ दारात उभे राहून ऐकत होते, म्हणाले, मानूसच हाय जनू आत. मी नुसता फुगलो.

१ नोव्हेंबर

खोली फार शांत झाली आहे. समुद्र कमी ऐकू येतो, भांडं पडलं तरी दचकायला होत नाही. कारखान्याच्या खडखडाटानंतर बरं वाटतं.

पारू सारखी स्पीकरसमोर बसते. तो बंद असला तरी त्याच्याशी गप्पा चालू. कुणाशी बोलतेस म्हटलं तर म्हणाली, आजीशी. आजी ऐकते.

मी गंमत म्हणून वूफरच्या कागदी पडद्यावर बोट टेकवलं. ती बोलली की पडदा हलत होता. त्यात नवल नाही, स्पीकरसमोर बोललं तर तो माईकसारखा वागतो. पण पडदा आत जाऊन पुन्हा बाहेर यायला हवा. हा नुसता आत जातो. मीटर लावला, काटा एकाच बाजूला कलतो आणि तिथेच राहतो. सगळं वायरिंग तपासलं. दोष सापडला नाही.

८ नोव्हेंबर

पारूला 'चिमणी' म्हणता येत नाही. कौलावर बोट दाखवते आणि रडते. काल 'पाणी' येत नव्हतं. मंजुळा म्हणते, मुलं विसरतात.

मुलं शिकतात. विसरत नाहीत. चिमणीची गोष्ट ती गेला आठवडाभर स्पीकरला सांगत होती.

१४ नोव्हेंबर

आज पारूने आईला हाक मारली नाही. तोंड उघडलं, पण शब्द नव्हता.

पालघरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, सगळं ठीक म्हणाले. परत येताना मंजुळा एसटीत रडत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मलाही रडू यायला हवं होतं. माझी एकुलती एक पोर आहे ती. आतून काहीच आलं नाही. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढावा, तसं.

१५ नोव्हेंबर

येसूबाईंना कापसाचं खरं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या.

म्हणाल्या, सासूला लकवा झालेला. वाचा गेली, कान शाबूत. आमी सगली होडीवर नायतर बाजारात. तिच्यापाशी बोलाया कोन नाय. भिंतीवर हात आपटायची, कोनीतरी बोला म्हनून. आमी दार लोटून घ्यायचो. त्या गादीवरच गेली ती. आमचंच पाप हाय. जालून टाका तो कापूस.

मंजुळा बाजूलाच उभी होती. तिने सगळं ऐकलं. पारूला कडेवर घेऊन ती घरात गेली.

१६ नोव्हेंबर

मागची फळी उघडली. कापूस कोमट आहे. वायर एकही जोडलेली नव्हती, तरी आत पारू बोलत होती. चिमणीची गोष्ट. पाणी. आई. सगळं होतं.

मूठभर कापूस काढून अंगणात जाळला. परत येऊन कान लावला. चिमणीची गोष्ट नव्हती. पारूकडेही नाही. गेली ती.

मंजुळा काडेपेटी घेऊन उभी होती. मी ती काढून घेतली. सगळा कापूस जाळला तर आतलं सगळं जाईल, आणि पोर जन्माची मुकी होईल. तसाच ठेवला तर उरलंसुरलंही तो ओढून घेईल. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

१७ नोव्हेंबर

दुपारी फळी लावून पारूच्या जागेवर मी बसलो. बोलत राहिलो. शाळा, वडिलांचं सायकलचं दुकान, पहिला रेडिओ, आईच्या हातची भाकरी. पडदा आत, आणखी आत. मग पहिल्यांदाच बाहेर आला.

स्वयंपाकघरातून पारू म्हणाली, पाणी.

मंजुळाने तिला उचलून गरागरा फिरवलं. किती आनंद झाला तिला! मला तो दिसला.

म्हणजे असं आहे. मी देतो, म्हातारी पारूचं सोडते.

२० नोव्हेंबर

पारूला पुष्कळ आलं. 'आई' आलं.

मी जन्मलो ते गाव आठवेना. वहीत मागे पाहिलं. मिरज. वाचता येतं. तिथे माझं कोण होतं ते —

मंजुळा म्हणते, बस करा, आहे तेवढ्यात पोर निभावेल. पाया पडली. मी हात सोडवून घेतला आणि पुन्हा जाऊन बसलो.

२४ नोव्हेंबर

ते गोल — कागदाचं — त्याच्यापुढे दिवसभर.

बायकोचं नाव दिलं. भाकरी करते ती. ती खूप बोलते, मला थोडं कळतं. रडते. मी तिच्याकडे बघतो.

पोरीला सगळं आलं, जळालं ते सोडून. आत एकच राहिलंय. मला हाक मारते ते. ती येते, माझ्याकडे बघते, तोंड उघडते. नाही येत.

माझ्याकडेही एकच राहिलंय. तिचं नाव. ते दाताखाली धरून —

२५

दोघी आज जाणार. पिशव्या अंगणात. मी हातांनी सांगितलं, जा. त्या गेल्या की घरमालकीण बाई डब्याला आग लावणार. म्हणून आधी शेवटचं सोडवायचं.

नाही द्यायचं होतं हे. हे एकच नव्हतं —

पारू पारू पारू

जातो.

दिलं. बाहेर आलं ते गोल.

दारात मुलगी आहे. लहान. पळत आली. गळ्यात पडली. कानात काहीतरी म्हणते. तेच. परत तेच. खूप हसते —

गोड आहे. कुणाची