मध्यंतरानंतरचा स्टँड

शनिवार संध्याकाळ, मेडनहेड

निखिल आत लीगमधल्या त्याच्या बिझनेस पार्टनरला फोनवर सांगतोय, "पहिल्याच मॅचला स्टँड भरला होता." भरला होता, खरंय. पण कुणी भरला? मराठी मंडळाच्या ग्रुपवर मीच मेसेज टाकला होता, मध्यंतरात वडापाव आहे म्हणून. तिथेच चुकलं. वडापाव झाला आणि मंडळी उठलीच. देशपांडे काका तर निखिलच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान झाला हो कार्यक्रम." अर्धी मॅच बाकी आहे हे त्यांना सांगायचं त्याचं धाडस झालं नाही. माझंही नाही.

त्याने काढलेली अमेरिकन फुटबॉलची लीग, खेळाडूंना पगार देणारी पण दुय्यम दर्जाची, आणि तीही इंग्लंडमध्ये, जिथे फुटबॉल म्हटलं की दुसराच खेळ. चालेल? तो म्हणतो, लोक एकदा आले की खेळ त्यांना धरून ठेवतो. कुणाला ठेवलं?

सोमवारी तो नोकरीचा राजीनामा देणार. आमचा दोघांचाही व्हिसा त्याच नोकरीवर. लीग स्पॉन्सर करेल म्हणतो. आणि लीगच नाही टिकली तर? हे मी अजून मोठ्याने विचारलेलं नाही. सारखा तो स्टँड डोळ्यांसमोर येतोय. रिकाम्या सीट आणि त्यांवर चटणीचे कागद.

आत्ताच येऊन विचारून गेला, "खरं सांग, तुला तरी आवडली ना?"

"आवडली."

"शेवटचा टचडाउन बघितलास?"

मी होकारार्थी मान हलवली. तेव्हा मी कार पार्कमध्ये होते, गाडीत हीटर लावून.