बॅग महाडला पोचली, ओरखडाही नाही

महाड, मंगळवार दुपार

चि. प्रियदर्शिनीस दत्तारामकाकाचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, जेवणखाण आणि नोकरी तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे मी बरा, तुझी काकी माझ्याहून बरी आणि जीपही बरी आहे. (तिची चौकशी आपल्या घराण्यात कुणी करत नाही, म्हणून मीच लिहितो.) पत्र किशोरच्या दुकानात बसून, त्याच्याच पाठकोऱ्या बिलांवर लिहितोय. तो संध्याकाळी ठाण्याला निघेल तेव्हा तुझ्या लॅपटॉपबरोबर हेही देईल.

महाबळेश्वरला मैत्रिणींबरोबर जाताना "तीन दिवस हे डबडं डोळ्यांसमोर नको" म्हणून तू लॅपटॉप आमच्याकडे ठेवलास आणि पुण्यावरून परस्पर ठाण्याला गेलीस, त्याचा राग नाही. राग आला तो तुझ्या फोनचा. "किशोरदादाकडे पोचवा, पण काकी, काका जपून चालवतील ना?" असं तू विचारलंस, आणि फोन स्पीकरवर होता! अगं, बत्तीस वर्षं मी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून वडाप करतोय. माझ्या जीपमधून नवऱ्या सासरी गेल्या, बाळंतिणी माहेरी आल्या, एक बाळ तर फाट्यावर गाडीतच झालं (ते आता पोलिसात आहे). तूच म्हणाली होतीस की टेबलावरून पडला तरी या लॅपटॉपला काही होत नाही, कंपनीनं मुद्दाम पाडून पाहिलाय. कंपनीचं ठीक आहे, तिचं टेबल एका जागी उभं असतं.

तर आजचा प्रवास. मंगळवार म्हणजे वाडीतल्या बनुबाईच्या डायलिसिसचा दिवस. पुढच्या सीटवर ती, तिच्या मांडीवर घोंगडी आणि घोंगडीवर तुझी बॅग. मागं नऊ माणसं आणि चंदूचा कोंबडा, टपावर चंदूच्याच भाताची पोती. पहिल्याच उतारावर नळाच्या पाइपासाठी खणलेला चर आला. तो मी पाहिला होता. (आमचा दीपक म्हणेल पाहिला नव्हता. पाहिला होता, जरा उशिरा पाहिला.) जीप उडाली तशी बनुबाईनं देवाचं नाव घेऊन दोन्ही हात जोडले, आणि हात जोडल्यामुळे बॅग सुटली. आमच्या पुढच्या दाराची कडी गेल्या शिमग्यापासून सुतळीची आहे, त्यामुळे बॅग बाहेर गेली. मी करकचून ब्रेक मारला, तर टपावरचं एक पोतं बॉनेटवरून घरंगळत नेमकं तिच्यावर जाऊन बसलं. "दत्ता, पोरीची पेटी गेली रे! आता काय सांगू गो तिला?" म्हणून बनुबाई रडायलाच लागली. सगळ्यांनी उतरून पोतं उचललं, आणि काय सांगू, बॅगेला साधा ओरखडा नाही. पुढं हायवेला बनुबाईला मळमळलं, तेव्हा बॅग वॉटरप्रूफ असल्याचंही कळलं. पुसून घेतली आहे.

आता खरं बोलतो. दीपकनं माझी जीप विकायला काढली आहे. रविवारी खेडहून माणूस बघायला येणार. त्याचं म्हणणं, बाबांचे डोळे गेले, हात थरथरतो, उगाच कुणाचा जीव जायचा. त्याला माझी काळजी आहे हे कळतं, म्हणून भांडताही येत नाही. पण एसटी खाली फाट्यापर्यंतच येते आणि बनुबाईच्यानं ते तीन किलोमीटर चालवत नाही. आठवड्यातून दोनदा तिला कोण नेणार? गाडी गेली तर ती दवाखान्यात जाणंच सोडून देईल, आणि मग किती दिवस उरतात ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. मला भीती वाटते गं. दीपक तुझं ऐकतो. त्याला एवढंच सांग की तुझी बॅग काकांच्या गाडीतून महाडला आली आणि तिला ओरखडा नाही.

तुझा,
दत्तारामकाका

ता. क. वर प्रवासात सगळीकडे मी 'बॅग' लिहिलंय, 'लॅपटॉप' नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल तर तू आपल्या घराण्यातली खरी. मी पोचलो तेव्हा लॅपटॉप तासाभरापूर्वीच येऊन किशोरच्या गल्ल्याशेजारी बसला होता. दासगावला बहिणीकडे जाते म्हणून तुझी काकी पहाटे निघाली, ती त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीनं घेऊन आली. मला वाईट वाटू नये म्हणून बॅगेत तिनं तिचा पोळपाट भरला होता. पोळपाटाचे दोन तुकडे झालेत.

ता. क. दुसरा. दीपकला पोळपाटाचं सांगू नये. येत्या शुक्रवारी बनुबाई आत असताना मी डोळे दाखवून येतो, आणि कडीही बसवतो. शपथ.

(हे काकीचं अक्षर.) पोरी, ह्यांनी लिवलंय ते खरं हाय. लॅपटॉप तुज्या कंपनीचा, परक्याची वस्तू, म्हणून मी एसटीनं आणला. घरी जायला मात्र मी ह्यांच्याच गाडीत बसणार हाय, बनुबायला धरून. दीपकला सांग, आय बसतेय तवर गाडी इकायची नाय.