रोज आठला कामावर

३ मार्च
ह्यांना काढलं. गिरणीत नवा बॉयलर आला, विजेवर चालणारा. बटण दाबलं की वाफ तयार! माणूस लागत नाही म्हणे. म्हणून हे आणि ह्यांचा मदतनीस, दोघंही घरी. मॅनेजरने हात हातात घेऊन सांगितलं, "तुमच्यासारखा बॉयलरवाला मिळणार नाही." मग काढलं कशाला?
भर दुपारी येऊन उंबऱ्यावर बसले. बूटही काढले नाहीत. मी पाणी दिलं आणि पहिलं काय विचारलं, तर पगार पूर्ण दिला का. नंतर लाज वाटली. पण कुणीतरी विचारायलाच हवं. दहा तारखेला घराचा हप्ता असतो.

४ मार्च
सकाळी हे म्हणाले, चार लोकांना सांगून ठेवतो, चार लोक काम सांगतील.
मी म्हटलं, "चार लोक काम सांगत नाहीत. चार लोक उधारी मागतात."
खोटं आहे का? किराणावाला महिनाभर थांबतो तो ह्यांच्या पगाराकडे बघून. दूधवाला तसाच. घराच्या कर्जाला थोरले भाऊजी जामीन आहेत, ते तर बायकोला विचारल्याशिवाय शिंकत नाहीत. जाऊबाईंना कळलं की सगळ्या नातेवाइकांत डांगोरा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ठरवलं — कुणाला सांगायचं नाही. दुसरं काम लागेपर्यंत ह्यांनी रोज आठला डबा घेऊन निघायचं, साडेपाचला परत यायचं. नेहमीसारखं.
"आणि दिवसभर जाऊ कुठे?" म्हणाले.
"काम शोधायला."
ह्यांनी उठून बूट पुसायला घेतले. न बोलणं हा ह्यांचा जुना धंदा.

६ मार्च
गेले. शेजारच्या वहिनी खिडकीतच होत्या. त्या खिडकीत नसतात अशी वेळच नाही, म्हणून आमची लेक त्यांना बातमीदार म्हणते. त्यांनी विचारलं, "निघाले का बॉयलरवाले?" मी म्हटलं, निघाले. मग मी देवासमोर बसले तर डोळे मिटवेनात.

१० मार्च
हप्ता भरला. शेवटच्या पगारातला. उरलेल्यात किराणा, दूध, लेकीची फी. हिशेबाच्या वहीत "जमा" हा रकाना पहिल्यांदाच कोरा ठेवला. दहावीला गणितात पहिली आले होते मी. कोऱ्या रकान्यातून वजाबाकी कशी करायची ते शिकवलं नाही कुणी.

१५ मार्च
एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. ह्यांचे सदरे! पूर्वी कॉलर काजळीने काळी व्हायची, दोनदा घासावी लागे. आता सदरा जातो तसा येतो. वहिनींना दोरीवरचं सगळं दिसतं. म्हणून रोज स्वच्छ सदरा नुसता पाण्यात बुचकळते आणि वाळत घालते. साबण तेवढा वाचला. नोकरी गेल्याचा हाच एक फायदा.

२२ मार्च
देवाशी एक ठराव केला आहे. जितक्यांदा खोटं बोलेन तितकी नाणी त्याच्या डब्यात टाकायची, म्हणजे मला आळा बसेल. आज एका दिवसात सात पडली. खोटं बोलणंही गरिबाला परवडत नाही.

२ एप्रिल
कानातलं विकलं. सोनाराने वजनात घट धरली, मग वर मजुरी कापली, मग म्हणाला, "ताई, भाव चांगला मिळाला तुम्हाला." तो भाव त्याला मिळाला. किराणावाल्याची अर्धी उधारी फेडली. त्याने विचारलं, अर्धीच? मी म्हटलं, गिरणीत पगार मागेपुढे होतोय. डब्यात आणखी एक नाणं.

१० एप्रिल
हप्ता गेला नाही.

११ एप्रिल
दिवसभर कुठे असता, ते आज विचारलंच. वाचनालयात! सकाळी जाहिराती बघतात, दोन-तीन कारखान्यांच्या फाटकांवर जाऊन येतात, मग वाचनालयात बसून राहतात. बॉयलरचं सर्टिफिकेट खिशात घडी घालून असतं, घडीवर फाटायला आलं आहे. "ओळखीशिवाय आत सोडत नाहीत," म्हणाले. "ओळखीचे आहेत, पण त्यांना सांगायचं नाही असं तूच बजावलंस."
म्हणजे पुन्हा माझ्यावर! मी बोलले. फार बोलले. दुसऱ्यांचे नवरे दगडातून पाणी काढतात, आमच्यांना वाफेशिवाय काही काढता येत नाही — असंही बोलले. लेक आतल्या खोलीत पुस्तक मोठ्याने वाचायला लागली.
संध्याकाळची प्रार्थना केली. मन लागलं नाही.

२५ एप्रिल
दूध अर्ध्यावर आणलं. दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरांनी ह्यांना दूध कमी करायला सांगितलंय. दुपारी वहिनी तब्येतीची चौकशी करायला हजर! आता ह्यांना पित्तही झालं आहे.

४ मे
देवाच्या डब्यातून घेतले. उसने. मी टाकलेलेच आहेत, पण एकदा टाकले की ते त्याचे. लेकीची फी भरायची होती. हात जोडून सांगितलं, व्याजासकट देईन. तो तरी जामीन मागत नाही.

१० मे
दुसरा हप्ताही चुकला. पतपेढीचं पत्र आलं. तिसरा चुकला की घरावर जप्ती, जामीनदारालाही नोटीस. खाली लिहिलं आहे की कर्जदाराची नोकरी तपासायला आमचा माणूस घरी येईल. ह्यांनी वाचलं आणि ठेवलं. मी म्हटलं, येऊ दे. मी बघते.
हे घर म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. पण फरशी मी निवडली आहे. आधीच्या भाड्याच्या घरात मालकीणबाई नळाला कुलूप लावायची.

१६ मे
आला! ह्यांना जाऊन तास झाला नसेल. नीटनेटका माणूस, काखेत फाइल. विचारलं, "बॉयलरवाले इथेच राहतात का? आहेत का घरी?"
मी दारातच उभी राहिले. "घरी कसे असतील? कामावर गेलेत."
"कामावर आहेत?" त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं. "पक्की नोकरी, की रोजंदारी?"
"पक्की! पगार पहिल्यापेक्षा जास्त."
तो काहीतरी सांगायला लागला, पण त्याला पुढे बोलू दिलं तर फसेन, हे मला कळत होतं. मी म्हटलं, आमच्यात रिकामं कुणी बसत नाही, पाहिजे तर शेजारी विचारा. वहिनी खिडकीत होत्याच. त्या म्हणाल्या, "अहो, आठच्या ठोक्याला निघतात. त्यांच्यावर घड्याळ लावून घ्यावं!" आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईचा मला उपयोग झाला.
त्याने फाइल मिटली. "मग आमचं काही काम नाही," म्हणाला आणि गेला.
निभावलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. मी तेही आणलं! संध्याकाळी ह्यांना सांगितलं, पतपेढीच्या माणसाला वाटेला लावला. "तू आहेस म्हणून," एवढंच म्हणाले. खूप दिवसांनी नीट जेवले.

२९ मे
पतपेढी गप्प आहे. हे मात्र वाळत चालले आहेत. पट्ट्याला नवं भोक पाडलं. दया येते आणि रागही येतो, आणि राग आधी येतो. काम शोधणं एवढं अवघड असतं? मी असते तर फाटक मोडून आत गेले असते.

१० जून
तिसरा.

१९ जून
भाऊजी आले. मागे जाऊबाई. भाऊजींच्या हातात नोटीस. गिरणीत चौकशी करूनच आले होते. हे साडेपाचला डबा घेऊन आत आले आणि समोर दोघं!
भाऊजी फार बोलले नाहीत, त्यांचं सगळं जाऊबाईच बोलल्या. साडेतीन महिने सख्ख्या भावाला फसवलं. रोज डबा भरून नवऱ्याला हिंडायला पाठवते, ही कसली बाई! आणि वर देवधर्म! खिडकीला कान होतेच, त्यामुळे दिवे लागायच्या आत गल्लीभर झालं. हे खाली मान घालून ऐकत राहिले. एकदाही म्हणाले नाहीत की ही कल्पना बायकोची. म्हणायला हवं होतं. मग मलाही भांडता आलं असतं.
ठरलं ते असं. घर विकायचं, कर्ज फेडायचं. भाऊजींच्या मागच्या खोलीत राहायचं. भाडं नाही, पण जाऊबाई आहेत.

२० जून
किराणावाला स्वतः आला. हिशेब मागायला आला असं समजून मी वही काढली. तर म्हणाला, "वहिनी, आधी सांगायचं ना. बर्फाच्या कारखान्याचा मालक माझ्याकडूनच माल नेतो. शब्द टाकला असता. गेल्याच महिन्यात त्याने माणूस घेतला."
उधारी सवडीने द्या म्हणाला. मला राग आला. आधी सांगायचं म्हणे! झाल्यावर शहाणपण फुकट मिळतं.

२६ जून
बातमीदार वहिनी भांडी बांधायला आल्या. आम्ही दोघी कागदात कपबश्या गुंडाळत होतो. मध्येच म्हणाल्या, "मला रोज वाटायचं, सदरे इतके स्वच्छ कसे?" मी त्यांच्याकडे बघितलं. त्या दुसरी कपबशी गुंडाळायला लागल्या.

३० जून
ह्यांना आज रस्त्यात जुना मदतनीस भेटला. गावाबाहेरच्या नव्या इस्पितळात त्याला काम लागलंय. धुलाईघराचा बॉयलर. पगार गिरणीपेक्षा जास्त, राहायला खोलीसुद्धा. म्हणाला, "साहेब, जागा तुमचीच होती. आपल्या मॅनेजरने तुमचं नाव दिलं होतं. मे महिन्यात इस्पितळाचा माणूस फाइल घेऊन तुमच्या घरीही जाऊन आला. त्याला म्हणे तिथे सांगितलं, तुम्ही पक्के कामाला लागलात. म्हणून मला घेतलं."
हे जेवताना हसून सांगत होते. म्हणाले, "चुकीच्या दारात गेला असेल, नाही का?"
मी म्हटलं, "तसंच असेल."