ग्लासांवरचा पांढुरकेपणा

४ मार्च, सोमवार
सकाळी सातला उठलो. चहा केला. डिशवॉशर उघडला. सहाही ग्लास पांढुरके, कोणीतरी दूध पिऊन नुसते ठेवून दिल्यासारखे. बायको गेली त्याला पाच आठवडे झाले. मशीन तीच लावायची, तेव्हा ग्लास लख्ख निघायचे. म्हणजे बिघाड मशीनमध्ये आहे. माझी तब्येत उत्तम.

रविवारी लेक येणार. फोनवर म्हणाली, "बाबा, एकट्याचं जमतंय असं दिसलं तर मी गप्प बसेन. नाहीतर माझ्याकडे राहायला यायचं, वाद नको." रविवारपर्यंत ग्लास चकचकीत करायचे. सहा दिवस भरपूर झाले.

५ मार्च
माहितीपुस्तिका दोनदा वाचली. पावडर दुप्पट, पाणी सर्वांत गरम. फरक पडला. जास्त पांढरे झाले. म्हणजे मी योग्य जागी हात घातलाय.
दुपारी पुन्हा लावलं. संध्याकाळी पुन्हा. मशीन चालू असलं की स्वयंपाकघरात बसवतं. आवाजाचा काही संबंध नाही. लक्ष ठेवावं लागतं.

६ मार्च
रजा वाढवली. कारण : घरगुती दुरुस्ती. साहेब फोनवर फार हळू आवाजात म्हणाले, काही लागलं तर सांगा. मी म्हटलं, पाना आहे माझ्याकडे.
शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या. ओट्यावरची रांग बघून म्हणाल्या, "भाऊजी, भांडी धुताय की भांड्यांना शिक्षा देताय?" मी हसलो. बहुधा. डबाही मशीनला लावला. झाकण वाकडं झालं. नवीन आणून देणे.

७ मार्च, दुपारी ४
व्हिनेगर. काही नाही. उद्या मेकॅनिक येतोय. त्याला निदान मीच सांगेन, त्याचा वेळ वाचेल.

८ मार्च, शुक्रवार
मेकॅनिकने निदान ऐकून घेतलं नाही. बटणं दाबून मशीन किती वेळा चाललं तो आकडा काढला. "काका, जानेवारीअखेर काकूंनी सर्व्हिसिंगला बोलावलं होतं. त्यानंतर एकशे बारा वेळा? घरात माणसं किती?" एक, म्हटलं. "काकू गावाला का?" मी त्याच्या हातात ग्लास दिला.
मशीन ठणठणीत आहे म्हणे. ग्लास उजेडात धरून म्हणाला, "हा थर नाही, काका. धुऊन धुऊन काचच झिजलीय. आता निघायचं नाही हे." कागदावर सगळं लिहून मशीनवर ठेवून गेला. आजकाल कोणी नीट तपासत नाही. तो जिना उतरेपर्यंत पुन्हा लावलं.

१० मार्च, रविवार
लेक आली. कागद तिने वाचला. आधीच उचलायला हवा होता.
"बाबा, एकशे बारा वेळा?"
गरम पाण्याला वेळ लागतो, म्हटलं.
"एका माणसाच्या भांड्यांना?"
ग्लास सहा आहेत, म्हटलं. त्यावर ती रडली. तिला पाणी दिलं, त्यातल्याच एका ग्लासात. सगळं प्यायली. जमतंय का, हे विचारलंच नाही. शनिवारी न्यायला येते, एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. माझ्याकडे मुद्दे होते. त्या वेळी एकही आठवला नाही.

पाचला ती गेली. कपाटावरून मोठी बॅग काढली. ओल्या फडक्याने पुसली. चेन अडकत होती. तिला मेणबत्ती घासली. आता सरकते.