सुभद्रेची म्हैस आणि माझी सही

तोंडवली, ता. मालवण
१८ नोव्हेंबर

चि. गुरुप्रसाद भावोजींस वहिनीचा आशीर्वाद. इकडे तुमचे भाई आणि मी धडधाकट आहोत; तिकडे डोंबिवलीत तुम्ही सगळेही तसेच असाल असं धरून चालते. तुमच्या अंगावर पित्त उठायचं ते अजून उठतं का? कशाने उठतं, कुठे उठतं, किती वेळात जातं, हे सविस्तर कळवा. (धाकट्या दिराची चौकशी करणं हे माझं कर्तव्यच आहे.) फोनवरच विचारलं असतं, पण मी मुद्द्यावर आले की नेमकी तुमच्याकडची रेंज जाते, म्हणून पत्र.

आमचा बचत गट खोबरेल तेलाचा साबण करतो हे तुम्ही जाणताच. (मे महिन्यात दोन वड्या हुंगून ‘छान’ म्हणालात आणि इथेच विसरून गेलात.) गणपती झाल्यावर स्वप्नाने, म्हणजे किनाऱ्यावर जिच्या पर्यटकांसाठी खोल्या आहेत तिने, दोनशे वड्या मागितल्या. एवढी मोठी मागणी आम्हाला कधी आली नव्हती. ती हातची गेली तर गट मोडून बायका पुन्हा काजू फोडायला जाणार, हे उघड होतं. अट एकच: वेष्टनावर ‘क्रूरतामुक्त’ असं छापायचं, आणि हा साबण कोणत्याही प्राण्यावर तपासलेला नाही असं गटाची अध्यक्ष म्हणून मी सहीनिशी लिहून द्यायचं. मला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. परदेशी बाटल्यांवर ससा असतो म्हणून दिव्याने (गटातल्या सुभद्रेची सून; हात सुरेख, विचार घाईचा) वेष्टनावर ससा काढलासुद्धा. आचऱ्याच्या बाजारात एका बाईने ती वडी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. “माका नको गो. सशाच्या चरबेचो साबू आमच्या घरात चलाचो नाय.” मागाहून स्वप्नाने सांगितलं की तो ससा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचा असतो, त्यांच्याकडे अर्ज करून, कच्चा माल कुठून येतो त्याचे पुरावे देऊन मिळवावा लागतो, आपापला काढायचा नसतो. दिव्या दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक सशावर नारळाचं चित्र चिकटवत बसली.

मग सहीचा दिवस आला. मी चष्मा लावून कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. सगळ्या हसल्या, सुभद्रा मात्र गप्प. आमचा साबण ओतते ती हीच, आणि ती गप्प बसली की समजावं काहीतरी शिजतंय. उलटतपासणी घेतल्यावर निघालं ते असं: प्रत्येक खेपेची पहिली वडी घेऊन ती आपल्या म्हशीला न्हाऊ घालते. दोन दिवस म्हैस खांबाला अंग घासत नाही ना ते बघते, आणि मगच वड्या आमच्याकडे देते. तीन वर्षं हे चाललंय. मी तिला उभं करून सगळं समजावलं: प्रयोगशाळेतले ससे, त्यांच्या डोळ्यांत घालायचे ते थेंब, आपल्याकडे त्यावर आलेली बंदी. शिवाय जिला गोचीडही जाणवत नाही त्या कातडीवर साबण तपासून कळणार ते काय, हेही सुनावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वयनी, तुमी बेडूक फाडून पास झालात. मी म्हशीक साबू लावन न्हाणयलंय. क्रूर कोण, तां कागदार लिवा.” (प्राणिशास्त्राची पदवी. अकरा बेडूक. त्या दुपारी पहिल्यांदा मोजले.)

म्हैस काही साक्ष द्यायला येत नाही, असं तुमच्या भाईंचं मत पडलं. मी सही केली नाही. स्वप्नाला जाऊन खरं ते सांगितलं. ती बराच वेळ हसली, मग गंभीर होऊन म्हणाली की ही खेप नको. नवी करा, राजीखुशीने तयार होतील अशा माणसांवर तपासा, आणि डिसेंबर लागताना द्या. जुनी खेप मी बाजारात नेली आणि झालेला प्रकार न लपवता सांगितला. ‘म्हशीने पास केलेला साबण’ म्हणून दोन बाजारांत संपली. एक वडी उरली नाही.

नवी खेप आता वाळून तयार आहे. आम्ही आठ जणींनी ती लावून पाहिली. कोणाला काही झालं नाही. पण त्याला काय अर्थ? काजूच्या टरफलातल्या तेलाने आमचे हात इतकी वर्षं भाजलेत की विंचू चावला तरी तो चुकल्यासारखा परत जाईल. तुमच्या भाईंनीही अंगाला लावला. त्यांची कातडी आणि सुभद्रेची म्हैस यांत मला फरक करवत नाही. असो. सोबत प्रेमाची भेट म्हणून सहा वड्या पाठवत आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. वड्या प्रेमाच्या आहेतच. पण त्यातली एक कोपराच्या आतल्या बाजूला, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस लावायची. आपल्या घराण्यात सुक्या बांगड्याच्या नुसत्या वासाने पित्त उठणारे तुम्ही एकटेच. खाज सुटली तर तात्काळ धुवा, धाडस नको. संमतीपत्र सोबत आहे; आधी सही, मग साबण. (‘न सांगताच पाठव’ असं भाई म्हणत होते. मी म्हटलं, क्रूरता म्हणतात ती हीच.)

आणखी ता. क. माझ्या हुकमाने दीड महिना म्हशीची साबणाची आंघोळ बंद आहे. ती पान्हा आखडून दूध चोरू लागली आहे, आणि रोज चार वाजता आमच्या साबणाच्या शेडच्या दारात डोकं घालून उभी राहते. माणसांवर साबण पास झाला की तिला लावायला माझी हरकत नाही. मग ती चाचणी नव्हे, आंघोळ. पण आता सुभद्राच अडून बसली आहे: “तुमच्या भावोजींच्या अंगार काय उठाक नाय, तरच माझ्या म्हशीक लावतलंय.” तेव्हा उत्तराला उशीर करू नका. म्हैस खोळंबली आहे.